जानेवारीतली कैरी

मागच्या जानेवारीत एक जुने मित्र घरी जेवायला होते. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, वरण आणि ताटाच्या कडेला थोडे लोणचे, असा साधाच बेत होता. लोणच्याची एक फोड त्यांच्या दाताखाली आली आणि हात थांबला. म्हणाले, "काय हो, ऐन थंडीत कैरी कुठून मिळवली?"

मी म्हटले, "कैरी नाही ती. आंबेहळद आहे. गच्चीवरच्या कुंडीतली."

"आंबेहळद? ती तर मुका मार लागल्यावर उगाळून लावतात!" एवढे बोलून त्यांनी चावणे थांबवले आणि मी त्यांच्या ताटात आयोडेक्स वाढले असावे, अशा नजरेने माझ्याकडे पाहिले. मग धीर करून ती फोड गिळली आणि दुसरी मागून घेतली.

त्यांचे काही चुकले नव्हते. आपल्याकडच्या बहुतेक घरांत आंबेहळदीची ओळख एवढीच असते. औषधाच्या डब्यात सुंठ, वेखंड, जायफळ यांच्याबरोबर पडलेला एक वाळका, करड्या सालीचा तुकडा. मीही तिला तशीच ओळखत होतो. आमचे जुने घर जुन्या नाशकात होते आणि आम्हा पोरांचा अर्धा दिवस गोदावरीवर जायचा. एकदा गांधी तलावाच्या पायऱ्यांवर शेवाळावरून घसरलो आणि गुडघा हा एवढा सुजला. अम्माने सहाण काढली, पाण्याच्या थेंबात आंबेहळद उगाळली, चिमूटभर तुरटी घातली, पळीत कोमट केली आणि गुडघ्यावर जाड लेप दिला. लेप वाळला की कातडी ओढली जाते. ती ओढ अजून आठवते.

शेजारच्या घरात एक गुजराती कुटुंब राहायचे. तिथल्या बाईंना आम्ही मासी म्हणायचो. अम्मा उगाळत बसली होती तेव्हा त्या आल्या, सहाणेवरचा तुकडा हातात घेतला आणि हसायलाच लागल्या. "अरे, आ तो खावानी चीज छे!" दुसऱ्या दिवशी त्यांनी एका वाटीत ओल्या आंबेहळदीच्या पातळ चकत्या आणून दिल्या. मीठ आणि लिंबू लावलेल्या, पिवळसर पांढऱ्या. अम्माने आधी वास घेतला, मग चव घेतली, मग मला हाक मारली. भिंतीच्या एका बाजूला जे औषध होते, ते दुसऱ्या बाजूला रोजचे तोंडीलावणे होते आणि मध्ये फक्त एक वीट होती.

आता ही आंबेहळद म्हणजे नेमके काय, ते पाहू. आले, हळद, वेलची, कुलंजन आणि आपला सोनटक्का ही सगळी एकाच कुळातली मंडळी. आंबेहळद त्यांतल्या हळदीच्या पोटशाखेतली, म्हणजे हळदीची सख्खी बहीण आणि आल्याची चुलत बहीण. पाने हळदीसारखी लांब, रुंद. कंद मात्र दिसायला आल्याकडे झुकणारा. कापला की आतून फिकट पिवळा, कडेला जवळजवळ पांढरा. हळदीला जो गडद रंग देतो तो कर्क्युमिन नावाचा घटक हिच्यात फारच कमी असतो. त्यामुळे हिने बोटे फारशी रंगत नाहीत आणि भाजीला रंग येत नाही. हिची कमाई सगळी वासात आहे आणि तो वास थेट कैरीचा.

हा वास येतो कुठून? कैरीच्या सालीला आणि चिकाला जो वास असतो, तो काही उडून जाणाऱ्या तैलद्रव्यांचा असतो. त्यांतली केरीन आणि ओसिमीन या नावांची द्रव्ये आंबेहळदीच्या कंदातही असतात. एक जमिनीवरचे झाड, दुसरा जमिनीखालचा कंद. दोघांचे नाते काहीच नाही, पण अत्तर एकच. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. वास कैरीचा असला तरी कैरीचा आंबटपणा हिच्यात नाही. आंबटपणा आम्लांमुळे येतो आणि ती कैरीत भरपूर असतात, हिच्यात नाहीत. नुसती खाल्ली तर जीभ फसते. नाक सांगते आंबट येणार आणि येते ती आल्यासारखी सौम्य, किंचित कडवट चव. म्हणून हिच्या प्रत्येक पदार्थात लिंबू, दही, ताक, चिंच किंवा कोकम यांपैकी एकाची सोबत लागते.

नावाची गंमतही पाहण्यासारखी आहे. आपण मराठीत हिला हळद म्हणतो, गुजरातीत आंबा हळदर, हिंदीत आमा हल्दी. पूर्वेला आणि दक्षिणेला गेले की तीच आले होते. बंगालीत आम आदा, तमिळमध्ये मांगाय इंजी, तेलुगूत मामिडी अल्लम, कन्नडात माविन शुंठी. सगळ्यांनी आंबा ओळखला, पण कोणाला ती हळद वाटली तर कोणाला आले. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी 1810 साली हिचे शास्त्रीय नाव प्रसिद्ध केले, ते कर्क्युमा अमाडा. यातले 'अमाडा' म्हणजे बंगाल्यांचे आम आदा आणि 'कर्क्युमा' आले ते अरबी कुरकुम या शब्दावरून. म्हणजे एका स्कॉटिश डॉक्टरने नाव ठेवताना अर्धे अरबांकडून घेतले, अर्धे बंगाल्यांच्या भाजीबाजारातून. या कुळातले शब्द प्रवास फार करतात. आपल्या संस्कृतातले आल्याचे नाव शृंगवेर आणि कुरआनात स्वर्गातल्या पेयाच्या वर्णनात येणारे जंजबील, ही दोन्ही एकाच शब्दाच्या घराण्यातली आहेत.

आयुर्वेदातही हिची नोंद जुनी आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात ती आम्रगंधि हरिद्रा या नावाने येते. लेपाची परंपरा अशी मागून आलेली आहे आणि मी ती नाकारत नाही. पण लेप मुक्या मारापुरताच. कातडी फाटली असेल तर तो लावू नये, आणि पाय टेकवता येत नसेल तर सहाण शोधण्याआधी एक्स-रे काढावा.

आता थोडे माझ्या चुकीविषयी, कारण त्या चुकीनेच मला हे सगळे शिकवले.

अम्मा 2006 साली गेली. पुढच्या वर्षी आम्ही जुने घर सोडून फ्लॅटमध्ये आलो. तिच्या चार-पाच कुंड्या मी बरोबर आणल्या, त्यांत आंबेहळदीची एक होती. पावसाळ्यात पाने छान आली. डिसेंबरात ती पिवळी पडू लागली. मी घाबरून पाणी वाढवले. पाने आणखी पिवळी पडली, मग वाळली, मग नुसती माती उरली. मला वाटले, जागा बदलली, झाड मेले. जानेवारीत मी ती कुंडी रिकामी केली. मातीत हाताला गोळे लागले होते, पण मी पाहिले नाही. सकाळी घंटागाडी आली आणि अम्माची आंबेहळद तिच्यात गेली.

हळदीची जात थंडीत झोपते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. बी. ए. पर्यंत शिकलो, कविता लिहिल्या, कवितांत पानगळही आणली. पण वरची पाने गळतात तेव्हा खालचा कंद सर्वांत भरलेला असतो, ही साधी गोष्ट माझ्याच घरातल्या कुंडीने सांगेपर्यंत मला कळली नाही. आणि सांगितली तेव्हा मी ऐकली नाही.

पुढची दोन वर्षे शोधात गेली. आधी काष्ठौषधीच्या दुकानातून आंबेहळद आणून लावली. महिनाभर पाणी घातले, ती कुजली. कुजणारच. औषधासाठी विकतात ते तुकडे वाळवलेले असतात, त्यांच्यातला जीव गेलेला असतो. मग एका रोपवाटिकेतून 'आंबेहळद' अशी चिठ्ठी लावलेले रोप आणले. वर्षभर वाढवले, उकरले, कापले, तर वास कापराचा आणि चव कडू. ती दुसरीच कुठली तरी हळद निघाली. याचा सगळा दोष रोपवाटिकेला देता येणार नाही. आंबेहळद, रानहळद आणि कचोरा या नावांचा आपल्याकडे पूर्वीपासून गोंधळ आहे. रानहळदीला, म्हणजे जिला कस्तुरी हळद म्हणतात तिलाही, काही ठिकाणी आंबेहळदच म्हणतात. वाळल्यावर सगळे तुकडे सारखे दिसतात. म्हणून विकत घ्यायची तर ओली घ्यावी, थंडीच्या दिवसांत, आणि नखाने साल खरवडून वास घेऊनच. कैरी आठवली तर घ्यावी, कापूर आठवला तर ठेवून द्यावी. ओळख पटल्याशिवाय कुठलाही रानकंद तोंडात घालू नये.

शेवटी 2010 च्या थंडीत मी मासींचा पत्ता काढला. त्याही गल्ली सोडून मुलाकडे राहायला गेल्या होत्या. घरात गेलो तर गॅलरीत तेलाच्या जुन्या डब्यात वाळकी पाने उभी. मी ओळखली. म्हटले, "मासी, ही अम्माची ना? तिने दिली होती तुम्हाला?"

मासी हसल्या. "ना रे दीकरा. आधी मीच तिला दिली. माझ्या माहेरून, सुरतहून आणली होती. मग एका पावसाळ्यात माझ्या डब्यात पाणी तुंबलं, सगळी सडून गेली. तेव्हा तुझ्या अम्माने मला परत दिली. आता हिला माझी म्हण, नाही तर तिची म्हण."

त्यांनी डबा पालथा केला, माती झटकली आणि तीन चांगले गड्डे फडक्यात बांधून दिले. माझ्या गच्चीवर आज जी आहे ती त्याच गड्ड्यांची. मासी आता नाहीत.

आंबेहळदीची लागवड बी पेरून होत नाही, कंदाचा तुकडा लावूनच होते. म्हणजे आज तुम्ही जो तुकडा लावता, तो कोणीतरी गेल्या वर्षी न खाता राखून ठेवलेला असतो, आणि त्याने ज्याच्याकडून घेतला त्याने त्याच्या आदल्या वर्षी. ही साखळी एका घरात एका वर्षी तुटली की तिथे संपली. शेजारच्या घरात ती चालू असेल तरच परत जोडता येते.

आता लावायची कशी ते सांगतो. यात अवघड काही नाही. अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंतचा काळ चांगला. बेणे म्हणून बोटभर लांबीचा, एक-दोन फुगीर डोळे असलेला, टणक तुकडा निवडावा. तुकडा कापला असेल तर दोन दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्यावी. कुंडी उंच नको, पसरट हवी, बारा ते पंधरा इंच तोंडाची. कंद खाली कमी आणि आडवा जास्त वाढतो. तळाला भोके मोकळी हवीत. दोन भाग माती, एक भाग मुरलेले शेणखत आणि एक भाग वाळू, असे मिश्रण भरावे. डोळा वर ठेवून दोन इंच खोल लावावे आणि वर पालापाचोळा पसरावा.

यानंतर धीर हवा. कोंब यायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर माती नुसती ओलसर असावी. कोंब दिसत नाही म्हणून रोज पाणी ओतणारा माणूस स्वतःच्या हाताने बेणे कुजवतो. आपल्या नाशिकचे मे महिन्यातले ऊन हिला सोसत नाही. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा द्यावी. आंब्याच्या, पेरूच्या झाडाखाली ही छान येते. पाऊस सुरू झाला की ही आपली आपण वाढते आणि कमरेपर्यंत पोचते. श्रावणात आणि पुन्हा दसऱ्याच्या सुमारास उघडे पडलेले कंद खत-मातीने झाकावेत. शेतकरी याला भरणी म्हणतात. कुंडीखाली ताटली ठेवू नये, कारण या पिकाचा खरा शत्रू तुंबलेले पाणी. कंदकूज त्यातूनच येते आणि एकदा लागली की दोन-चार दिवसांत कुंडी जाते. मासींच्या डब्याचे तसेच झाले होते.

मार्गशीर्षात पाने पिवळी पडू लागतात. हे दुखणे समजू नये. पाणी कमी करत जावे आणि पाने पूर्ण वाळली की बंद करावे. पौषात, म्हणजे लावल्यापासून सात-आठ महिन्यांनी, कुंडी पालथी करावी. माझ्या कुंडीत एका तुकड्यापासून अर्धा ते पाऊण किलो आंबेहळद मिळते. निघाल्याबरोबर पहिले काम म्हणजे बेणे बाजूला काढणे. सर्वांत चांगले, टणक, डोळेदार गड्डे आधी वेगळे ठेवायचे, मग उरलेल्यांचे लोणचे. उलट केले तर चांगले गड्डे बरणीत जातात आणि कुंडीला खुरटे राहतात. बेणे धुऊ नये. कोरड्या वाळूत, सावलीत, हवा लागेल असे उन्हाळाभर ठेवावे.

खाण्याचे प्रकार पुष्कळ आहेत, पण नियम एकच. हिचा वास उडून जाणारा असल्यामुळे उकळली की तो जातो. म्हणून कच्ची खावी किंवा पदार्थ उतरवताना शेवटी घालावी. सर्वांत सोपा प्रकार मासींचा. साल खरवडायची, पातळ चकत्या करायच्या, मीठ आणि लिंबू लावायचे. तासाभरात तयार. थोडी किसून ताकात घातली, मीठ आणि भाजलेले जिरे टाकले की उन्हाळ्यातल्या पन्ह्याची आठवण येते. ओल्या खोबऱ्याच्या चटणीत आल्याऐवजी घालावी. शिजलेल्या तुरीच्या वरणात किसून वर लिंबू पिळावे. तमिळनाडूत हिचे लोणचे दहीभाताबरोबर खातात, बंगालमध्ये चटणी करतात. आमची अम्मा थंडीत सुक्या जवळ्याच्या चटणीत कैरीच्या जागी हिचा कीस आणि लिंबू घालायची. ती चटणी ज्याने खाल्ली त्याला सांगायला नको.

आणि ज्याने आमच्या पाहुण्यांना फसवले ते लोणचे असे. पाव किलो आंबेहळद, शंभर ग्रॅम ओली हळद आणि पाच-सहा हिरव्या मिरच्या. कंद धुऊन, पुसून, साल काढून बारीक चिरावेत किंवा जाड किसावेत. पाण्याचा अंश राहू देऊ नये. त्यात अडीच-तीन चमचे मीठ, दोन मोठे चमचे मोहरीची डाळ, पाव चमचा मेथीची तळून केलेली पूड आणि सहा-सात लिंबांचा रस घालावा. अर्धी वाटी तेलाची मोहरी-हिंगाची फोडणी करावी आणि ती पूर्ण थंड झाल्यावरच ओतावी. गरम फोडणी घातली तर कैरीचा वास तिथेच संपला. फोडी रसात बुडालेल्या असाव्यात. तीन-चार दिवसांत मुरते आणि फ्रिजमध्ये दोन महिने चांगले राहते.

त्या दिवशी पाहुणे निघाले तेव्हा त्यांनी बरणीकडे पाहिले. मी लोणचे दिलेच, पण वर्तमानपत्रात गुंडाळून दोन गड्डेही दिले. म्हटले, "यांचे लोणचे घालू नका. अक्षय्य तृतीयेपर्यंत वाळूत ठेवा, मग एक तुमच्या कुंडीत लावा आणि एक शेजारी द्या."

"शेजारी कशाला?" त्यांनी विचारले.

मी त्यांना घंटागाडीची गोष्ट सांगितली. जूनच्या शेवटी त्यांचा फोन आला, दोन्हीकडे कोंब आले म्हणून. म्हणजे यंदा माझ्या कुंडीत पाणी तुंबले, तर मागायला जायची दोन घरे झाली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)